पंप नीट चालतो, मग पाय का थकतात?

हृदय निकामी होत आलेल्या रुग्णांना बसवल्या जाणाऱ्या यांत्रिक पंपाविषयी या सदरात मागे एक छोटे उत्तर दिले होते. तेवढ्याने वाचकांचे समाधान झाले नाही, हे नंतर आलेल्या पत्रांवरून स्पष्ट दिसते. बहुतेक पत्रांतली तक्रार एकच आहे : रुग्ण वाचला, घरी आला, पण अंगात ताकद येत नाही. म्हणून या वेळी सदराची सगळी जागा याच विषयाला दिली आहे. पत्रलेखकांची ओळख पटेल असा मजकूर गाळला आहे.

प्रश्न : माझ्या यजमानांना सात महिन्यांपूर्वी हृदयपंप बसवला. कंट्रोलरच्या (पंप चालवणाऱ्या, अंगावर बाळगायच्या यंत्राच्या) पडद्यावर प्रवाह मिनिटाला ५ लिटरच्या आसपास दिसतो आणि तपासणीला गेलो की पंप उत्तम चालला आहे, असे सांगतात. रात्री आडवे झाल्यावर लागणारी धाप थांबली, पायांवरची सूजही गेली. पण जिना चढताना ते मधल्या वळणावर थांबतात आणि मांड्या भरून आल्या म्हणतात. 'यंत्र ठीक आहे, मीच बिघडलो आहे,' असे त्यांनी मनाशी धरले आहे. पंपात काही दोष असू शकेल का?

उत्तर : आपण लिहिता त्यावरून पंपात दोष असल्याचे दिसत नाही, आणि आपले यजमानही बिघडलेले नाहीत. पंपाचे काम कुठपर्यंत आहे हे त्यांना कोणी उलगडून सांगितलेले नसावे, म्हणून ते स्वतःला दोष देत आहेत.

हा पंप हृदयाच्या डाव्या जवनिकेच्या, म्हणजे शरीरभर रक्त फेकणाऱ्या खालच्या कप्प्याच्या, टोकाशी बसवलेला असतो. तिथले रक्त ओढून घेऊन तो एका नळीतून थेट महाधमनीत सोडतो. बसलेल्या किंवा पडलेल्या माणसाला मिनिटाला साधारण ४ ते ६ लिटर रक्त पुरते आणि तेवढे काम पंप चोख करतो. म्हणूनच रात्रीची धाप आणि सूज गेली. निरोगी माणूस जोराचे श्रम करतो तेव्हा मात्र त्याचे हृदय मिनिटाला १५ ते २० लिटर, कधी त्याहूनही अधिक रक्त फेकते. पंपाची गती ठरवून दिलेली असते. आज सर्वाधिक वापरात असलेल्या हार्टमेट ३ या पंपाची चकती बहुतेक रुग्णांत मिनिटाला ५,००० ते ६,००० फेऱ्या घेते, आणि माणूस झोपलेला आहे की जिना चढतो आहे, हे तिला कळत नाही. श्रमाच्या वेळी जवनिकेत जास्त रक्त येते, तिच्यातला दाब आणि महाधमनीतला दाब यांतला फरक कमी होतो आणि त्यामुळे गती तीच असूनही प्रवाह थोडासा वाढतो. पण ही वाढ माफकच असते. त्यापुढची भर रुग्णाच्या स्वतःच्या हृदयाने घालायची असते. त्याने जोर करून महाधमनीची झडप उघडली तर पंपाला वळसा घालून काही रक्त त्या वाटेनेही जाते. ज्या हृदयाला पंप लावावा लागला, त्याच्याकडे ही शिल्लक किती असणार, हे प्रत्येकाचे वेगळे असते.

पडद्यावरच्या त्या ५ या आकड्याविषयीही एक गोष्ट सांगायला हवी. तो प्रवाह मोजलेला नसतो. पंप किती गतीने फिरतो आणि त्यासाठी किती वीज घेतो, यावरून कंट्रोलर तो अंदाजाने काढतो. शिवाय आपण तो पाहता तेव्हा यजमान बहुधा खुर्चीत बसलेले असतात. त्यामुळे जिन्याच्या मधल्या वळणावर काय घडते, याचे उत्तर त्या आकड्यात सापडत नाही.

आता जिन्याचाच हिशेब करू. शरीर कमाल श्रमात दर किलो वजनामागे मिनिटाला किती मिलिलिटर ऑक्सिजन वापरू शकते, यावरून श्रमाची क्षमता मोजतात. तोंडावर मास्क लावून सायकल किंवा चालत्या पट्ट्यावर (ट्रेडमिलवर) केली जाणारी चाचणी हेच मोजते. नुसते बसून राहायला सुमारे ३.५ मिलिलिटर लागतात, सपाटीवर संथ चालायला ९ ते १० आणि सावकाश जिना चढायला १४ च्या आसपास. पंप बसवलेल्या बऱ्याच रुग्णांचा उच्चांक १२ ते १६ च्या दरम्यान असतो, म्हणजे त्यांच्या वयाच्या निरोगी माणसाकडून अपेक्षित असलेल्या आकड्याच्या जवळपास निम्मा. ज्याचा उच्चांक १४ आहे, त्याला एक जिना म्हणजे आपल्यासाठी जिवाच्या आकांताने धावण्यासारखे असते. यजमान मधल्या वळणावर थांबतात, यात त्यांचे मन कच्चे असण्याचा काहीही संबंध नाही.

राहिल्या मांड्या. वर्षानुवर्षे हृदय दुबळे असले की पायांच्या स्नायूंना रक्त कमी मिळते, हालचाल कमी होते आणि स्नायू झिजतात. न थकता बराच वेळ काम करणारे तंतू कमी होतात, त्यांच्याभोवतीच्या केशवाहिन्या विरळ होतात आणि पेशींमध्ये ऊर्जा तयार करणारी यंत्रणा मंदावते. पंप लावल्यावर रक्ताचा प्रवाह काही तासांत सुधारतो, पण स्नायूंची ही झीज भरून यायला अनेक महिने लागतात, आणि तीही स्नायूंना काम दिले तरच भरून येते. माझ्या मते आपल्या यजमानांसाठी सर्वांत मोठी आशा इथेच आहे, कारण हृदयाच्या स्नायूवर आपला ताबा नसला तरी मांडीच्या स्नायूवर आहे.

तरीही पुढच्या भेटीत डॉक्टरांना काही गोष्टी नेमकेपणाने विचारा. उजवी जवनिका कशी आहे, कारण पंप फक्त डाव्या बाजूला मदत करतो आणि त्याच्यापर्यंत रक्त पोहोचवण्याचे काम उजवीचेच असते; महाधमनीची झडप गळू लागली आहे का, कारण तसे झाले तर पंपाने पुढे ढकललेले रक्त पुन्हा जवनिकेत येऊन नुसते फिरत राहते; श्रमात हृदयाचे ठोके वाढतात की ठोके मंद करणाऱ्या बीटा ब्लॉकर गोळीमुळे किंवा पेसमेकरच्या मांडणीमुळे एकाच आकड्यावर अडकतात; कर्णिका, म्हणजे हृदयाचे वरचे कप्पे, अनियमित थरथरत तर नाहीत ना; आणि हिमोग्लोबिन किती आहे. यांतल्या काही गोष्टी दुरुस्त करता येतात, आणि त्या शोधल्याशिवाय नुसते 'चाला, चाला' म्हणणे रुग्णावर अन्याय करणारे आहे.

प्रश्न : बाबा चालायला निघताना पंपाची गती थोडी वाढवून द्यावी आणि परतल्यावर पूर्ववत करावी, असे करता येईल का? इतके प्रगत यंत्र आपली गती आपण का वाढवत नाही?

उत्तर : गती बदलण्याची सोय रुग्णाच्या हाती दिलेली नसते, ती रुग्णालयातल्या मॉनिटरवरूनच बदलता येते. त्यामागचे कारण समजून घ्या. पंप जितका जोराने ओढतो, तितके रक्त जवनिकेत येत नसेल, तर जवनिकेच्या भिंती आत ओढल्या जाऊन नळीच्या तोंडाशी चिकटू शकतात. त्यातून प्रवाह अचानक घसरतो, कधी हृदयाची लय बिघडते. डावी जवनिका फार रिकामी झाली की दोन जवनिकांमधला पडदा डावीकडे सरकतो आणि उजव्या जवनिकेचे आकुंचन आणखी दुबळे होते. गती जास्त ठेवल्याने महाधमनीची झडप उघडेनाशी झाली, तर पुढे ती गळू लागण्याची भीती असते. त्यामुळे डॉक्टर इकोकार्डिओग्राम करताना गती पायरीपायरीने बदलून पाहतात आणि या सगळ्यांचा मेळ जिथे बसेल, तिथे ती ठेवतात.

श्रमाच्या वेळी गती वाढवण्याचे प्रयोग झालेले आहेत. काहींत ऑक्सिजनचा उच्चांक थोडा वाढला, तर काहींत फरक पडलाच नाही. हृदयात साचणारा दाब गती वाढवल्यावर कमी होतो, पण वाढलेले रक्त थकलेल्या स्नायूंना वापरता येत नसेल, तर चालण्यात त्याचा लाभ मर्यादितच दिसतो. रुग्णाच्या हालचालीप्रमाणे गती आपोआप बदलणारा पंप असावा, यासाठी संशोधक प्रयत्न करत आहेत. हार्टमेट ३ दर २ सेकंदांनी आपली गती क्षणभर खाली-वर करतो, हे खरे आहे. पण त्याचा उद्देश पंपात रक्त साचून गुठळी होऊ नये एवढाच आहे, आणि बाबा चालत आहेत की बसले आहेत, याच्याशी त्याचा संबंध नाही. त्यांना चालताना फारच त्रास होत असेल, तर 'गती वाढवा' असे सुचवण्याऐवजी 'चालल्यानंतर लगेच इको करून गती तपासता येईल का?' असे विचारणे अधिक उपयोगाचे ठरेल.

प्रश्न : मी फिजिओथेरपिस्ट आहे. माझ्याकडे प्रथमच हृदयपंपाचा रुग्ण पाठवला आहे. मनगटावर नाडी लागत नाही, बोटाला लावलेले ऑक्सिजनचे यंत्र कधी आकडा दाखवते तर कधी नाही, आणि नेहमीच्या यंत्राने रक्तदाबही मिळत नाही. श्रम किती झाले हे ओळखायचे कसे?

उत्तर : आपण हा प्रश्न विचारलात याचे समाधान वाटले, कारण नाडी लागत नाही म्हणून घाबरून अशा रुग्णाला व्यायामच न देणारे अनेक जण मला भेटले आहेत. या पंपांतून रक्त अखंड वाहते; ठोक्याठोक्याने फेकले जात नाही. त्यामुळे नाडी क्षीण असते किंवा लागतच नाही. स्टेथोस्कोप छातीवर ठेवला की ठोक्यांच्या जागी एकसारखी गुणगुण ऐकू येते. पहिल्या दिवशी ती मुद्दाम नीट ऐकून ठेवा, कारण पुढे तिच्या आवाजात फरक पडला तर आपल्याला लगेच जाणवेल.

रक्तदाबासाठी दंडावर पट्टा बांधा, मनगटाशी किंवा कोपराच्या खोबणीत हातात धरण्याजोगा डॉपलर (वाहत्या रक्ताचा आवाज ऐकवणारे उपकरण) धरा आणि पट्टा सैल करताना पहिला आवाज ज्या आकड्याला येतो, तो टिपा. नाडी लागत नसलेल्या रुग्णात हा आकडा सरासरी दाबाच्या जवळ असतो. विश्रांतीत तो साधारण ७० ते ९० दरम्यान असावा, अशी अपेक्षा असते. आपल्या रुग्णासाठी त्याच्या पंप केंद्राने ठरवलेली मर्यादा लिहून घ्या. हृदयाचे ठोके ईसीजीवर मोजा. ते उपयोगी आहेत, पण त्यांच्यावरून श्रमाचे लक्ष्य ठरवू नका, कारण गोळ्या, पेसमेकर आणि अनियमित लय यांमुळे ते फसवतात.

खरी मोजपट्टी रुग्णाच्या तोंडीच असते. बोर्ग यांच्या ६ ते २० गुणांच्या श्रममापनात ११ ते १३ म्हणजे 'हलके' ते 'थोडे जड' या टप्प्यात त्याला ठेवा. चालता चालता त्याला पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. वाक्याच्या मध्ये श्वास घ्यावा लागला तर वेग कमी करा. सुरुवातीला आणि शेवटी ५ ते १० मिनिटे अगदी संथ हालचाल ठेवा, आणि शेवटची संथ मिनिटे कधीही गाळू नका. जोरात चालून झाल्यावर रुग्ण एकदम उभा राहिला, तर पायांच्या रुंदावलेल्या रक्तवाहिन्यांत रक्त साचते, हृदयाकडे कमी येते, पंपाला ओढायला रक्त पुरत नाही आणि रुग्णाला भोवळ येते. मी स्वतः अशी भोवळ आलेली पाहिली आहे. व्यायाम उत्तम झाला होता, फक्त शेवटची पाच मिनिटे घाईत गेली होती.

पंपाचा गजर वाजला, चक्कर आली, छातीत दुखले, डोळ्यांपुढे अंधारी आली, श्रम वाढवताना रक्तदाब घसरला किंवा आयसीडीने (लय बिघडल्यास विजेचा झटका देणाऱ्या, शरीरात बसवलेल्या यंत्राने) झटका दिला, तर व्यायाम तिथेच थांबवा, रुग्णाला आडवे करा आणि पंप केंद्राला फोन करा. तो क्रमांक भिंतीवर लावलेला असावा. व्यायामाच्या जागी जास्तीचा कंट्रोलर आणि चार्ज केलेल्या बॅटऱ्या नसतील, तर त्या दिवशी व्यायाम सुरू करू नका, इतके कडक राहिले तरी चालेल.

प्रश्न : मी स्वतः रुग्ण आहे. शस्त्रक्रियेला चार महिने झाले. जखम भरली आहे, पण पोटातून बाहेर येणाऱ्या वायरची इतकी धास्ती वाटते, की मी वाकतही नाही. घरी कोणता व्यायाम करावा आणि किती वजन उचलावे?

उत्तर : वायरची धास्ती योग्यच आहे, फक्त ती योग्य ठिकाणी असावी. चालणे, बसणे, उठणे यांनी वायरला काही होत नाही. तिला ओढ बसली, ती कुठे अडकली, बॅटरीची पिशवी खांद्यावरून घसरून तिचा हिसका बसला, तर मात्र त्वचेतून बाहेर येण्याच्या जागी बारीक चीर पडते आणि तिथून जंतुसंसर्ग शिरतो. व्यायामाआधी वायर पोटाला चिकटवणाऱ्या पट्टीने नीट जखडा, पिशवी अंगासरशी बांधा आणि एकदा हात फिरवून वायर कुठे लोंबत नाही ना, ते पाहा. दाराची मूठ आणि खुर्चीचा हात या दोन ठिकाणी ती सर्वांत जास्त अडकते. पोटाचे स्नायू आवळून उठण्याचे व्यायाम, कंबरेतून जोरात पिळणे आणि पोटावर पालथे झोपणे टाळा.

छातीचे हाड जुळायला साधारण ६ ते १२ आठवडे लागतात. आपले चार महिने झाले आहेत, तरी हाड पक्के जुळले का, हे शल्यविशारदांकडून ऐकल्याशिवाय हातांनी वजन उचलायला, ढकलायला किंवा ओढायला सुरुवात करू नका. पायांच्या बाबतीत इतके थांबण्याची गरज नाही, आणि आपल्याला हवी असलेली ताकद मुख्यतः पायांतच आहे.

सुरुवात खुर्चीपासून करा. हात नसलेली, भिंतीला टेकवलेली, गुडघ्याइतक्या उंचीची खुर्ची घ्या. दोन्ही हात छातीवर दुमडून उठा, पूर्ण सरळ उभे राहा आणि सावकाश बसा. धपकन बसू नका, कारण खाली येताना मांडी सर्वांत जास्त शिकते. उठताना श्वास सोडा, तो रोखून धरू नका. पहिल्या आठवड्यात ५ वेळा जमले तरी पुष्कळ झाले. बहुतेक रुग्ण आरंभी गुडघ्यांवर हात टेकूनच उठतात. त्याचे वाईट वाटून घेऊ नका. हात ज्या दिवशी टेकवावे लागणार नाहीत, ती तारीख मात्र वहीत लिहून ठेवा. त्याच्या जोडीला खुर्चीची पाठ धरून टाचा उचलणे आणि एका पायरीवर चढून उतरणे, एवढे पुरे आहे.

चालण्यासाठी एकदम अर्धा तास काढण्याचा हट्ट धरू नका. ५ मिनिटे चाला, २ मिनिटे बसा, पुन्हा ५ मिनिटे चाला. दर काही दिवसांनी चालण्याचा वेळ एखाद्या मिनिटाने वाढवा आणि बसण्याचा कमी करा. अखंड २० ते ३० मिनिटे चालता येऊ लागल्यावरच वेगाचा विचार करा. वजने या सगळ्यानंतर येतात, तीही १० ते १५ वेळा सहज उचलता येतील इतकीच. उन्हाच्या भरात व्यायाम टाळा, आणि ज्या दिवशी उलट्या-जुलाब झाले असतील, त्या दिवशी अजिबात करू नका; शरीरातले पाणी कमी झाले की जवनिकेत पुरेसे रक्त येत नाही आणि पंपाचा कमी प्रवाहाचा गजर वाजतो. पाणी किती प्यावे, याची मर्यादा आपल्याला घालून दिलेली असेल, तर ती स्वतःच्या मनाने बदलू नका, विचारून घ्या.

हे सर्व शक्य असेल तर पहिले काही आठवडे पुनर्वसन केंद्रात, देखरेखीखाली करा. घरी त्याच व्यायामाची उजळणी होऊ द्या.

प्रश्न : जर्मनीतल्या एका चाचणीत हृदयपंपाच्या रुग्णांना व्यायामाचा उपयोग झाला नाही, असे वाचनात आले. मग या वयात वडिलांना कष्ट का द्यायचे?

उत्तर : आपण बहुधा एक्स-व्हॅड या चाचणीविषयी वाचले असावे. तिच्यात अनेक केंद्रांतल्या रुग्णांना १२ आठवडे देखरेखीखाली व्यायाम दिला गेला आणि ऑक्सिजनच्या उच्चांकात नेहमीचे उपचार घेणाऱ्या गटाच्या तुलनेत स्पष्ट फरक दिसला नाही, हे खरे आहे. पण त्याच चाचणीत सहा मिनिटांत चालून होणारे अंतर वाढले आणि शारीरिक मर्यादांमुळे होणारा त्रास कमी झाल्याचे रुग्णांनी सांगितले. बातमीत हा दुसरा अर्धा भाग गळला असावा. त्याआधी २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रिहॅब-व्हॅड या छोट्या चाचणीत २६ रुग्ण होते; व्यायाम करणाऱ्या गटाला ६ आठवड्यांत १८ सत्रे दिली गेली. दोन गटांमधला ठळक फरक पायांच्या ताकदीत, पट्ट्यावर चालण्याच्या वेळेत आणि जीवनमानाच्या गुणांत दिसला.

मला या दोन्ही निष्कर्षांत विसंगती वाटत नाही. उच्चांक हा प्रामुख्याने पंप, उजवी जवनिका आणि रक्त मिळून किती ऑक्सिजन पोहोचवू शकतात यावर ठरतो, आणि पंपाची गती ठरलेली असल्यामुळे तो फार वर जात नाही. पण आपले वडील दिवसभरात एकदाही उच्चांकापर्यंत जात नाहीत. त्यांना स्नानगृहापर्यंत जायचे असते, जिना चढायचा असतो, नातवाबरोबर चार पावले चालायची असतात. तेच काम कमी थकून आणि जास्त वेळ करता येणे, हे सुधारलेल्या स्नायूंवर अवलंबून असते, आणि व्यायामाने नेमके तेच साधते. मास्कच्या चाचणीतला आकडा जागचा हलला नाही, म्हणून हा लाभ क्षुल्लक मानावा, हे मला मुळीच पटत नाही. वयाविषयी म्हणाल, तर वय जितके जास्त, तितके अंथरुणाला खिळल्याने स्नायू लवकर झिजतात. थांबण्याचे कारण म्हणून वय पुढे करू नये.

प्रश्न : आईचे हिमोग्लोबिन १० आहे. 'पंपाच्या रुग्णात इतके चालते' असे एकाने सांगितले. खरेच चालते का?

उत्तर : जगण्यासाठी चालते, जिन्यासाठी नाही. हा हिशेब स्वतः करून पाहण्याजोगा आहे. १ ग्रॅम हिमोग्लोबिन सुमारे १.३४ मिलिलिटर ऑक्सिजन वाहून नेते. हिमोग्लोबिन १० असेल, तर १ लिटर रक्तात १०० ग्रॅम हिमोग्लोबिन, म्हणजे १३४ मिलिलिटर ऑक्सिजन असतो. समजा श्रमात पंप आणि हृदय मिळून ८ लिटर रक्त फिरवतात आणि शरीर त्यातला तीन चतुर्थांश ऑक्सिजन काढून घेते. मिनिटाला साधारण ८०० मिलिलिटर झाले. ७० किलो वजनाच्या माणसाला दर किलोमागे ११.५ मिळाले. बाकी सर्व तेच ठेवून हिमोग्लोबिन फक्त १३ करा, की हाच आकडा १५ च्या जवळ जातो. वर सांगितलेला जिना १४ ला आहे. पंपाला हातही न लावता जिन्याच्या अलीकडचा माणूस पलीकडे गेला. प्रत्यक्षात शरीराचा हिशेब इतका सरळ नसतो, पण दिशा हीच असते.

आईचे हिमोग्लोबिन कमी का आहे, हे आधी शोधायला हवे. अखंड प्रवाहाच्या पंपात रक्त गोठण्यास मदत करणारे एक प्रथिन घासले जाऊन तुटते, आतड्यात नाजूक रक्तवाहिन्यांची जाळी तयार होतात, आणि गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ करणारी गोळी चालूच असते. या तिन्हींमुळे आतड्यातून थोडे थोडे रक्त जात राहू शकते. शौचाचा रंग काळा, डांबरासारखा झाला तर त्याच दिवशी कळवा. लोहाची पातळी तपासून घ्या. लोह कमी असेल तर ते शिरेतून देता येते. गुठळीविरोधी गोळी मात्र कोणाच्याही सांगण्यावरून बंद करू नका.

प्रश्न : पोहणे चालेल का? सायकल?

उत्तर : पोहणे, किंवा टबात बुडून राहणेही, चालणार नाही, पंपाची बाहेरची साधने आणि वायरची जागा पाण्याखाली जाता कामा नये. एका जागी बसवलेली सायकल उत्तम, रस्त्यावरची नको. पडण्याचा किंवा पोटावर मार बसण्याचा संभव असलेला प्रत्येक खेळ वर्ज्य समजा, कारण पातळ रक्तामुळे डोक्याला लागलेला साधा मारही महागात पडतो.

प्रश्न : सासूबाई सासऱ्यांना खुर्चीतून उठूच देत नाहीत. पाण्याचा पेलाही हातात आणून देतात. मी काही बोलले तर त्यांना वाटते, मला त्यांच्या जिवाची काळजी नाही. कसे समजावू?

उत्तर : ज्या बाईने नवऱ्याला अतिदक्षता विभागात नळ्यांनी वेढलेले पाहिले आहे, तिला शब्दांनी समजावणे कठीण असते, आणि सुनेने समजावणे त्याहून कठीण. त्यांना पुढच्या तपासणीला बरोबर न्या आणि सहा मिनिटांची चालण्याची चाचणी त्यांच्या डोळ्यांदेखत होऊ द्या. ३० मीटरच्या मार्गिकेत रुग्ण आपल्या वेगाने येरझारा घालतो, लागेल तिथे थांबतो, तंत्रज्ञ लक्ष ठेवून असतो. पंपाच्या पिशवीसकट आपला माणूस चालतो आहे आणि गजर वाजत नाही, हे त्यांनी एकदा पाहिले, की अर्धी भीती तिथेच उतरते, असा माझा अनुभव आहे.

त्यानंतर त्यांच्याकडेच काम सोपवा. सासरे किती वेळा खुर्चीतून उठले, किती मिनिटे चालले, त्या दिवशीचे वजन किती आणि कंट्रोलरवरचे आकडे काय होते, हे रोज वहीत लिहिण्याची जबाबदारी त्यांना द्या. त्यांची काळजी खरी आहे, तिला फक्त वेगळे काम हवे आहे. आणि पाण्याचा पेला टेबलावर ठेवायला सांगा, खुर्चीपासून चार पावलांवर.